साठ भागांचा कोमा

रविवारी अकराच्या सुमाराला वहिनी तीन जिने चढून नणंदेच्या, म्हणजे ताईंच्या, दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या पिशवीत फळं होती, ताईंच्या गुडघ्यांना लावायचं मलम होतं आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, हॉस्पिटलचे तीन झगे होते. फिकट निळे, पाठीमागे नाड्या. एक अंगावर, एक धुवायला, एक हाताशी. चौतीस वर्षं कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. गुरुवारी चॅनेलकडून मागणीचा कागद आला होता. पात्र, आईसाहेब. सोमवारपासून. कागद वाचून वहिनी हातातली शाल अर्धवट घडी घातलेली तशीच धरून किती तरी वेळ उभी राहिली होती.

अकरा वर्षं ताई चॅनेलच्या रोजच्या मालिकेत आईसाहेब होत्या. सेटवर त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नसेल. वहिनीचंही तेच. दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत; वयाने मोठी असलेली नणंदसुद्धा. आपण लग्न होऊन घरात आलो की स्टुडिओत, हे तिला पहिली दहा वर्षं नीट कळलंच नव्हतं. सासरे स्टुडिओत दिवे लावायचे. थोरली लेक त्या दिव्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली, धाकटा मुलगा एडिटिंगच्या अंधाऱ्या खोलीत शिरला, सुनेच्या हातात सुईदोरा आला आणि आता नात त्याच मालिकेचे संवाद लिहीत होती. या घरात बाहेरचं माणूस आलंच तर पाहुणा कलाकार म्हणून यायचं.

आजचं जेवण त्या नातीने, म्हणजे वहिनीच्या लेकीने ठरवलं होतं. "आत्याला मीच सांगणार," ती म्हणाली होती. "घरात, आपण सगळे असताना. सेटवर कुणाच्या तरी तोंडून कळायला नको."

बेल वाजवल्यावर दार उघडायला वेळ लागला. दार उघडून ताई वहिनीकडे नुसत्या बघत राहिल्या. एक क्षण, दोन क्षण. वहिनीने पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मग ताईंचा चेहरा सैल झाला.

"तू होय. ये की. बाकीची फौज कुठाय?"

"गाडीला जागा शोधतायत."

स्वयंपाकघरात कपाटांवर, फ्रिजवर, खिडकीच्या चौकटीवर कागद चिकटवले होते. मोठ्या, ठळक अक्षरांत सोमवारच्या भांडणाच्या सीनचे संवाद. फ्रिजवर पहिलं वाक्य, ओट्यावर दुसरं, तिसरं सापडायला वहिनीला मान वर करावी लागली. त्या सीनचं शेवटचं पान ताईंना अजून कुणी दिलंच नव्हतं.

"असं फिरत फिरत पाठ केलं की बसतं डोक्यात," ताई म्हणाल्या. "पाय थकतात, पण बसतं."

"बसलं?"

"फ्रिजपर्यंत."

दोघी हसल्या. वहिनीने फळं काढली आणि पिशवी दाराआड ठेवली.

जेवताना ताईंनी टीव्ही लावून ठेवला होता. दुपारी बाराला प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लागे आणि तो त्या चुकवत नसत. सूत्रसंचालकाने प्रश्न वाचायचा अवकाश, ताई घास तोंडात असतानाच उत्तर देऊन मोकळ्या. कोणत्या साली पहिलं विमान उडालं, कोणत्या ग्रहाला किती चंद्र. खुर्चीतला तरुण स्पर्धक घाम पुसत पर्याय मोजत बसला होता.

"बघ, बघ," कात्री कौतुकाने म्हणाला. तो वहिनीचा नवरा, ताईंचा धाकटा भाऊ. फिल्म हाताने कापायच्या काळापासून एडिटर, म्हणून सगळा स्टुडिओ त्याला कात्री म्हणे. "ताई, तुझी स्मरणशक्ती अजून..."

तो मध्येच थांबला. घरातले सगळे आजकाल या शब्दापाशी येऊन थांबत.

"तू कापतोस त्या गाण्याच्या स्पर्धेचं काय झालं?" ताईंनी त्याला सोडवलं. "ती लाल फ्रॉकवाली मुलगी काल काय गायली! आणि तो परीक्षक कसा ढसाढसा रडला."

"तो मंगळवारी रडला," कात्री म्हणाला. "दुसऱ्याच मुलाच्या गाण्याला. मुलगी गायली शुक्रवारी. मी जोडलं."

"म्हणजे तिच्या गाण्याला तो रडलाच नाही?"

"तिच्या गाण्याच्या वेळी तो फोन बघत होता."

ताईंनी टीव्हीकडे बघत मान हलवली. "आपण खोटं खोटं रडायचो, पण ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यासमोर तरी रडायचो."

लेकीने चमचा खाली ठेवला. वहिनीने तिच्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांची बाई, पण कपाळावर आठी पडली की अजून गृहपाठ राहिलेल्या मुलीसारखी दिसे. गृहपाठ ती कायम ताईंच्या मेकअपरूममध्येच करायची. आई दोन दारं सोडून कपड्यांना इस्त्री करत असायची, पण पोर आत्याच्या आरशासमोर बसून आत्याचे संवाद पाठ म्हणून दाखवायची. वहिनी त्यावरून कधी काही बोलली नव्हती. बोलून काय होणार होतं?

"आत्या," लेक म्हणाली, "उद्याच्या सीनचं शेवटचं पान माझ्याकडे आहे."

"मग दे की. चिकटवायला जागा आहे अजून. बाथरूम रिकामं आहे."

"भांडण होतं. मग आईसाहेब जिना उतरायला लागतात. आणि पडतात."

ताईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "मरतात?"

"नाही."

"मग?"

"कोमात जातात."

पडद्यावर स्पर्धकाचं तोंड उघडमीट होत होतं.

"किती दिवस?" ताईंनी विचारलं.

"साठ भाग. म्हणजे... सध्या साठ. पुढचं टीआरपी बघून ठरेल."

"डोळे उघडे की मिटलेले?"

"मिटलेले."

"साठ भाग मिटलेले?"

"नाकात नळी असेल," लेक खाली बघून म्हणाली, जणू नळी तिनेच घातली होती.

कात्री पुढे सरसावला. "ताई, नीट ऐक. मी म्हणतो, हे सोन्यासारखं काम आहे. पडून राहायचं. पाठांतर नाही, उभं राहणं नाही, गुडघ्यांना त्रास नाही. एसी चालू. सगळे येऊन तुझ्या उशाशी रडणार आणि तू फक्त श्वास घ्यायचास. पोरीने चॅनेलशी भांडून हे मिळवलंय. ते तुला थेट मारायला निघाले होते, फोटोला हार घालून मोकळे."

"भांडून मिळवलंय," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग त्या वहिनीकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

इतकी वर्षं वहिनीला या घरातली प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या शेवटी कळत आली होती. घराची वाटणी, सासऱ्यांचं ऑपरेशन, लेकीने कॉलेज सोडून लेखन करायचं ठरवलं ते. भाऊ-बहीण आधी आपसांत ठरवायचे आणि मग तिला सांगायचे, तेही ती चहा घेऊन आली म्हणून. गुरुवारी पहिल्यांदाच तिला काहीतरी ताईंच्या आधी कळलं होतं. त्या कागदाकडे बघताना तिला वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटण्याच्या जरा आधी, निमिषभर, बरंही वाटलं होतं. तीन दिवस ती त्याची लाज बाळगून होती.

"हो," ती म्हणाली. "झगे शिवायला सांगितले होते. घेऊन आलेय."

"आई!" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"उद्या दहाला लागणार. मापाला लावून बघायला नकोत?"

ताई उठल्या. "चल," त्या म्हणाल्या. "बघू दे तरी मला कशात झोपवताय ते."

शयनगृहात ताईंनी घरातला गाऊन उतरवला आणि हात पुढे केले. वहिनीने झगा घातला, मागे गेली आणि एकेक नाडी बांधायला लागली. हे शरीर तिला स्वतःच्या शरीराइतकं पाठ होतं. डावा खांदा किंचित उतरलेला, म्हणून त्या बाजूला कायम पातळ गादी शिवायची. कमर बारा वर्षांपूर्वी सुटली, ती लपवायला शाली आल्या. मणक्याचा एकेक मणी आता वर आला होता. झगा मोठा झाला होता. तिने मागच्या वर्षीच्या मापाने शिवला होता.

"दोन बोटं आत घ्यायला हवा," ती पुटपुटली.

"वहिनी," ताई आरशाकडे न बघता म्हणाल्या, "मला झोप लागली तर गं?"

"लागू दे की. कोमातच आहात. कुणाला कळतंय?"

"तसं नाही." ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. नाड्या अर्धवट राहिल्या. "मी डॉक्टरकडे जाऊन आले. दोन महिने झाले. डोक्याचा फोटो काढला त्यांनी. म्हणाले, विसरायच्या आजाराची सुरुवात आहे. थांबवता येत नाही, पण लांबवता येतं. मी विचारलं, कसं लांबवायचं? तर म्हणाले, काय काम करता? मी सांगितलं. ते म्हणाले, मग काम सोडू नका. रोज पाठ करा. रोज बोला. जितकं बोलाल तितकं राहील."

वहिनी ताईंच्या शेजारी बसली. पलंग कुरकुरला.

"मरायला मी तयार आहे," ताई म्हणाल्या. "आजवर सात वेळा मेलेय मी पडद्यावर. बंदुकीने, विषाने, बाळंतपणात. मरण म्हणजे एक दिवसाचं काम. पण तीन महिने तोंड मिटून पडायचं? सगळे माझ्या अंगावर वाकून बोलणार आणि मी गप्प? उठेन तेव्हा काय उरलं असेल माझ्यात? दारात आज तू उभी होतीस. मला तुझा चेहरा ओळखीचा वाटत होता, पण कोण ते सापडेना. तू पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतलीस, तेव्हा सापडलं."

"हे त्यांना का नाही सांगितलंत?"

"तो लगेच घाबरतो. आणि ती पोर लगेच रडते." ताईंनी झग्याच्या बाहीची शिवण चाचपली. "तू तसली नाहीस. तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही."

वहिनीने नाड्या सोडल्या, झगा काढला, ताईंच्या अंगावर त्यांचा गाऊन चढवला, बटणं लावली. मग झग्याची घडी घालून ती बाहेरच्या खोलीत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "हे झगे मी देणार नाही."

कात्री हसला. त्याला खरंच गंमत वाटली. "म्हणजे?"

"म्हणजे उद्या सेटवर झगा नसेल."

"अगं, दुकानातून आणतील दुसरा. आणि तू कपडेपट सांभाळ ना. कथेत कुठे पडतेस?"

"चौतीस वर्षं सांभाळलाच. तुम्हा भावाबहिणीच्या कथेत मी कधी पडले? आज पडते." तिचा आवाज चढला नव्हता, चढवायचं त्राणही नव्हतं. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यादेखत वहिनीने डॉक्टरांचं सगळं सांगितलं. एका दमात, जसं ऐकलं तसं.

कात्री सोफ्यावर मागे टेकला. लेकीचे डोळे भरून आले, ताईंनी सांगितलं होतं तसेच.

"मला वाटलं मी तुला वाचवतेय," ती आत्याला म्हणाली. "वर्षभर तेच करतेय मी. तुला एकही वाक्य सात शब्दांच्या वर लिहीत नाही. मोजून लिहिते. चॅनेलवाले विचारतात, आईसाहेब हल्ली इतक्या तुटक का बोलतात? मी सांगते, त्यांचा स्वभाव कडक झालाय."

"सात शब्द?" ताई म्हणाल्या.

"पाच असले तर बरं."

"मला वाटायचं, तुझी लेखणी सुधारली."

कुणाला हसू आलं नाही. ताईंनी भावाकडे पाहिलं. "आणि तू? तू काय करतोस? बोल, आज सगळेच बोलतायत."

"मी काय करणार! मी जोडतो."

"काय जोडतोस?"

"ताई, राहू दे."

"काय जोडतोस?"

कात्रीने चष्मा काढून डोळे चोळले. रोज बारा तास पडद्याकडे बघून त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं कायमची बसली होती. "एका टेकमधले दोन शब्द, दुसऱ्यातले तीन. मध्ये सुनेचा चेहरा टाकतो, म्हणजे सांधा दिसत नाही. कधी सोमवारचं वाक्य गुरुवारी पुरं होतं. सगळं तुझंच असतं. तुझाच आवाज, तूच बोललेली असतेस. फक्त सलग नाही."

ताई हळूच खुर्चीत बसल्या. टीव्हीवर प्रश्नमंजूषा संपून जाहिराती लागल्या होत्या. आवाज नव्हताच.

"मी रोज संध्याकाळी बघते ना मालिका," ताई म्हणाल्या. "बघते आणि म्हणते, चला, आजही निभावलं." त्यांनी भावाच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "मला ते न कापलेलं दाखव."

"नको."

"तुझ्या त्या पिशवीत लॅपटॉप असतो. दाखव."

"ताई, कशाला?"

"माझं आहे ना ते? मग मी बघणार."

कात्रीने बायकोकडे पाहिलं. आजवर असा प्रसंग आला की तो बहिणीकडे बघायचा. वहिनीने मान हलवली. दाखवा.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. ताटं तशीच होती, ती वहिनीने बाजूला सारली. पंधरा दिवसांपूर्वीचा सीन. धाकटी सून चूक कबूल करून आईसाहेबांच्या पायाशी बसते आणि आईसाहेब म्हणतात, मी तुला माफ केलं, पण विश्वास मिळव. वाक्य तेवढंच.

पहिल्या टेकमध्ये ताई 'मी तुला' म्हणून थांबल्या. दुसऱ्यात 'माफ केलं'पर्यंत आल्या आणि पुढे नजर भिरभिरली. कॅमेऱ्यामागून असिस्टंट मुलगी हळूच शब्द सुचवत होती. तिसऱ्यात 'विश्वास'च्या जागी दुसराच शब्द आला. चौथा, पाचवा. मध्येच वहिनी पडद्यात शिरून शाल सारखी करून गेली. सहावा, सातवा. सून बनलेली नटी पायाशी बसून बसून अवघडली होती. तिने हळूच पाय बदलला. दहाव्या टेकला दिग्दर्शकाच्या आवाजात गोडवा उरला नव्हता. खोलीत बसलेल्या चौघांपैकी कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ताई मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. परक्या बाईला बघावं तशा त्या स्वतःला बघत होत्या.

चौदाव्या टेकला पडद्यावरच्या ताईंनी सुचवणाऱ्या मुलीकडे बघणंच सोडून दिलं. त्या सुनेकडे बघून सावकाश म्हणाल्या, "माफ काय करायचं गं. इतकी वर्षं एका घरात राहिलो आपण. कुणी कुणाला काय केलं, ते कोण लक्षात ठेवत बसतं? माझ्या तर राहतच नाही. तुझ्या राहिलं असेल तर तूच सोडून दे."

"कट! आईसाहेब, लिहिलंय तेच म्हणूया ना."

लेक पुढे वाकली. "थांबा, थांबा. बाबा, मागे घ्या."

कात्रीने मागे घेतलं. ते वाक्य पुन्हा वाजलं.

"हे कुठून आलं?" लेकीने विचारलं. "मी नाही लिहिलं हे."

"ती बोलते असं अधूनमधून," कात्री म्हणाला. "ओळ सापडली नाही की. मी ते काढून टाकतो. संहितेत नसतं ना."

"किती आहेत अशी?"

"असतील. दर आठवड्याला दोन-चार."

"आणि तुम्ही मला कधी दाखवलं नाहीत?"

"तुला काय दाखवायचं? चुकलेलं होतं ते."

लेक उठून खिडकीपाशी गेली, परत आली. डोळे अजून ओले होते, पण आता ती रडत नव्हती. "बाबा, हे चुकलेलं नाही. माझ्या सात शब्दांपेक्षा हे कितीतरी बरं आहे. हिचे शब्द जातायत. काय म्हणायचंय ते नाही गेलेलं." ती ताईंच्या खुर्चीशी येऊन गुडघ्यांवर बसली. "आत्या, मी तुला वाक्यंच दिली नाहीत तर? फक्त सांगितलं, की आईसाहेब काय करतात आणि का. बोलायचं तुझं तू. जमेल?"

"कोमात?"

"कोमा नाही. आईसाहेब घर सोडून जातात. स्वतःच्या पायांनी."

"आणि मग?"

"मग मालिका संपली, आत्या. तुझ्यापुरती." तिने डोळे पुसले. "पण नंतर तू रोज माझ्याशी बोलायचंस. मी येईन. जे बोलशील ते लिहून घेईन. डॉक्टरांना सांग, काम सोडलेलं नाही म्हणून."

ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनीला कळलं, आता विचारलं जातंय ते तिला.

"करा फोन चॅनेलला," वहिनी म्हणाली.

फोन अर्धा तास चालला. चॅनेलचा माणूस रविवारी दुपारी झोपेतून उठवला गेल्यामुळे आधी चिडला, मग लेकीने समजावल्यावर विचार करायला लागला. शेवटी त्याला एक गोष्ट पटली. मेलेली किंवा कोमातली बाई परत आणायला त्रास होतो; निघून गेलेली कधीही परत येते. एक तास देतो, तो म्हणाला. दहा ते अकरा. अकराला सीन झाला नसेल तर जिना आणि हॉस्पिटल.

जाताना वहिनी एकटी मागे राहिली आणि स्वयंपाकघरातले कागद एकेक करून काढायला लागली. ताईंनी अडवलं नाही. चिकटपट्टीचे डाग राहिले, ते तिने ओल्या फडक्याने पुसले. सगळे गेले नाहीत.

सोमवारी सव्वादहाला ताई सेटवरच्या दिवाणखान्यात उभ्या होत्या. अंगावर राखाडी कोट, डाव्या खांद्याला आतून गादी, हातात छोटी बॅग. वहिनी सेटच्या लाकडी भिंतीमागे, दाराच्या फटीशी उभी होती. ताई या दाराने बाहेर पडणार होत्या. कात्रीही आला होता. तो सहसा सेटवर पाऊल टाकत नसे. लेक कॅमेऱ्याशेजारी रिकाम्या हातांनी उभी होती. तिच्या हातात कागद नाही, असं वहिनीने प्रथमच पाहिलं.

"ॲक्शन."

ताई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. दिग्दर्शकाची चुळबुळ वहिनीला भिंतीपलीकडूनही जाणवली. मग ताईंनी समोर ओळीने उभ्या असलेल्या मुलांकडे, सुनांकडे पाहिलं.

"मी निघालेय," त्या म्हणाल्या. "अडवू नका. अडवलंत तर मी थांबेन, आणि मला थांबायचं नाही. काही दिवसांनी मला तुमची नावं आठवायची नाहीत. तेव्हा रागावू नका, मीही रागावणार नाही. हे आत्ता सांगून ठेवते, कारण आत्ता माहीत आहे. तुम्ही सगळी चांगली आहात." मग त्या थोरल्या सुनेकडे वळल्या. ती नटी जरा गोंधळली. तिला या सीनमध्ये काही बोलायचं नव्हतं. "तू नाहीस. तू चांगली कधीच नव्हतीस, तुला वेळच नव्हता तेवढा. तू कामाची होतीस. आम्ही बाकीचे चांगले राहिलो ते तुझ्या जिवावर. हे तुला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. सुचलंच नाही कधी."

त्या थांबल्या. पुढचं काहीतरी येत होतं, ओठ हलले, आणि ते आलं नाही. सेटवर पाचपन्नास माणसं श्वास रोखून उभी होती. कुणी शब्द सुचवला नाही. ताईंनी खांदे किंचित उचलले, जणू म्हणाल्या, राहिलं ते राहिलं, आणि बॅग घेऊन दाराकडे चालायला लागल्या. गुडघा दुखत होता, तरी घाई न करता. दार उघडून त्या भिंतीमागच्या अंधारात आल्या.

खूप वेळाने पलीकडून "कट" ऐकू आलं. मग टाळ्या.

वहिनीने बॅग त्यांच्या हातातून घेतली. कोटाचं वरचं बटण सोडायला लागली. ते घट्ट बसलं होतं, सुटेना.

"किती वाजले?" ताईंनी विचारलं.

"साडेदहा होतील."

"कधी घेणार आहेत सीन? एक तासच दिलाय ना त्यांनी?"

वहिनीचे हात थांबले. फटीतून आलेला दिव्याचा पट्टा ताईंच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. त्या शांतपणे, कामाला आलेल्या माणसासारख्या, तिच्याकडे बघत होत्या. पलीकडे टाळ्या अजून चालू होत्या. त्या कशासाठी, असा प्रश्न ताईंना पडलेला दिसत नव्हता.

"झाला, ताई," वहिनी म्हणाली. "एका टेकमध्ये झाला."

"झाला?" ताईंनी दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे. घाबरल्या नाहीत. थकलेल्या मात्र दिसल्या, फार. "बरा झाला?"

"बरा झाला."

"काय बोलले मी?"

थोरल्या सुनेला म्हटलेलं ते वाक्य खरंच त्या नटीसाठी होतं की आणखी कुणासाठी, हे विचारायची सोय आता राहिली नव्हती. वहिनीने बटण सोडलं. मग दुसरं. पलीकडून लेकीचा आवाज येत होता, ती आत्याला शोधत होती. वहिनीने ओ दिली नाही. तिने ताईंना कपड्यांच्या पेटीवर बसवलं, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि पहिल्या वाक्यापासून सांगायला सुरुवात केली. एकही शब्द इकडचा तिकडे न करता. तू कामाची होतीस, इथपर्यंत आल्यावर तिचा आवाज अडखळला, पण तिने तेही सांगितलं, गाळलं नाही.

ताई मान हलवत ऐकत होत्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा म्हण."

वहिनीने पुन्हा म्हटलं.